नेमोनाच्या पोटात काय?

'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'पोकेमॉन व्हायोलेट' हे जुळे गेम नोव्हेंबर २०२२मध्ये आले आणि बऱ्याच खेळाडूंच्या मनात पहिल्या तासाभरातच शेजारच्या मुलीबद्दल किंतु आला. मुलीचं नाव नेमोना. खात्यापित्या घरातली, शाळेच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, आणि पोकेमॉन लढवण्यात आधीच चॅम्पियन. शाळेचे संचालक क्लावेल तीन पिल्लं दाखवायला घेऊन येतात: गवताचं स्प्रिगाटिटो, आगीचं फ्यूकोको, पाण्याचं क्वाक्सली. खेळाडूनं एक निवडलं की नेमोनाही एक उचलते, आणि नेमकं तेच उचलते जे खेळाडूच्या पिल्लापुढे कमी पडणार. मग ती जागच्या जागी उड्या मारत लढाईला बोलावते, बहुधा हरते, आणि हरल्याचा तिला कोण आनंद होतो!

इथे अनुभवी खेळाडूचा हात थबकतो. चॅम्पियन बाई नवशिक्याच्या दारात काय करते आहे? मुद्दाम कमजोर पिल्लू का घेते? पुढे गावोगावी ती अचानक समोर उभी राहते, प्रगतीची चौकशी करते, भेटवस्तू देते, आणि 'लवकर तगडा हो, मग आपण खरं लढू' अशा आशयाचं काहीबाही डोळे विस्फारून बोलत राहते. पाणी कुठंतरी मुरतंय, असं वाटायला एवढं पुरे. परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर 'माझं काहीच वाचून झालं नाही रे' म्हणणाऱ्या मुलाकडे बाकीचा वर्ग ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं खेळाडू नेमोनाकडे बघू लागले.

गंमत अशी की याच घराण्याच्या पहिल्या गेममध्ये असा संशय घ्यायची सोयच नव्हती. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात 'रेड' आणि 'ग्रीन' आले तेव्हा प्रतिस्पर्धी उघड उघड खडूस होता. प्राध्यापक ओक यांचा नातू. इतका खडूस, की आजोबांना त्याचं नावही आठवत नाही. ते खेळाडूला विचारतात, 'माझ्या नातवाचं नाव काय बरं?' खेळाडू जे टाइप करेल ते त्या मुलाचं नाव. एका पिढीनं आपले सगळे राग या एका रकान्यात काढले. प्रतिस्पर्ध्याला शिवी हे नाव देऊन ठेवलं, की पुढचे कित्येक तास 'शिवीनं लढाईचं आव्हान दिलं' असं वाचायची सोय.

हा नातू आधी मोठ्या मनानं 'तू निवड, मला घाई नाही' म्हणतो आणि मग बरोबर खेळाडूच्या पोकेमॉनवर मात करणारा पोकेमॉन उचलतो. पाणी आगीला विझवतं, आग गवताला जाळते, गवत पाण्याला शोषतं, हा या खेळाचा पाढा. तो पाढा पाठ व्हावा म्हणून बनवणाऱ्यांनी हा मुलगा ठेवलेला. तो ठरावीक वळणांवर आडवा येतो. कधी नदीवरच्या पुलावर, कधी एस. एस. अ‍ॅन जहाजावर, आणि बहुतेक वेळा खेळाडूचे पोकेमॉन अर्धमेले असताना. यात वैर वगैरे काही नाही. ती तोंडी परीक्षा आहे. परीक्षक फक्त जरा उर्मट आहे.

पण माणसाला उर्मटपणाचं एवढं साधं कारण पचत नाही. म्हणून चाहत्यांनी एक कथा रचली. जहाजावर त्याच्याजवळ रॅटिकेट नावाचा उंदीर असतो. पुढची गाठ पडते ती लॅव्हेंडर गावातल्या मनोऱ्यात, म्हणजे पोकेमॉनच्या स्मशानात. आणि तिथे त्याच्या संघात रॅटिकेट नाही. झालं! खेळाडूनं जहाजावर तो उंदीर मारला, नातू त्याला मूठमाती द्यायला आला होता, आणि पुढचा सगळा खडूसपणा म्हणजे दडपलेला शोक, असा निकाल लागला. कथा हृदयद्रावक आहे. अडचण एवढीच, की त्या मनोऱ्यात लढाई संपल्यावर नातू आपण होऊन सांगतो की त्यानं नुकताच एक क्यूबोन पकडला आणि त्याचा मोठा अवतार मारोवाक अजून सापडत नाही. म्हणजे साहेब स्मशानात आजोबांच्या पोकेडेक्सच्या, म्हणजे पोकेमॉन-कोशाच्या, नोंदी भरायला आलेले! शोकाकुल नायक म्हणून ज्याच्यासाठी लोकांनी डोळे पुसले, तो फील्डवर्कवर होता.

आपल्याकडे २००३पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहिलेल्या मुलांना हाच नातू गॅरी म्हणून ठाऊक आहे. उघडी गाडी, मागे जयजयकार करणाऱ्या मुली, आणि मालिकेचा नायक अ‍ॅशला घालूनपाडून बोलणं. मालिकेतल्या त्या दोघांची जपानी नावं सातोशी आणि शिगेरू. पहिलं पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचं, दुसरं मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचं. मियामोतो म्हणजे ताजिरींचं श्रद्धास्थान. आदरापोटी गुरूचं नाव खडूस पोराला देणं हा सन्मानाचा प्रकार जरा वेगळाच म्हणायचा.

१९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये खडूसपणाही पुरेना. तिथला लाल केसांचा प्रतिस्पर्धी थेट प्रयोगशाळेतून पोकेमॉन चोरून पळतो. हेतू काळा आहे का, हा प्रश्नच नको. पोलीस दारात उभे. पुढे २००९च्या नव्या आवृत्तीत कळलं की हा टीम रॉकेट या गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या जिओव्हानी याचा मुलगा. खानदानी काळा, असं म्हणायला रान मोकळं झालं. पण या पोराच्या संघात एक वटवाघूळ आहे, गोलबॅट. गोलबॅटचा क्रोबॅट व्हायचा तर मारूनमुटकून लढवून भागत नाही. पोकेमॉनला मालकाचा लळा लागावा लागतो. आणि गोष्टीच्या उत्तरार्धात त्याच्याकडे क्रोबॅट दिसतो. कुणी भाषण करत नाही, कुणी मिठी मारत नाही. पोरगं सुधारलं, एवढं फक्त वटवाघळावरून कळतं. व्हिडिओ गेमच्या माध्यमात चारित्र्य रंगवायची याहून नेटकी रीत शोधून सापडणार नाही.

पुढे प्रतिस्पर्धी मवाळ होत गेले. २००६च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मधला बॅरी उशीर झाला तर दहा लाखांचा दंड ठोकण्याची धमकी देतो, पण वसुली करत नाही. २०१६चा हाऊ मलासादा नावाचे तळलेले गोड पाव खात हिंडतो आणि हरला तरी हसतो. २०१९चा हॉप हा चॅम्पियन लिऑनचा धाकटा भाऊ, तोही हसतमुख. आणि हाऊ, हॉप, नेमोना हे तिघंही खेळाडूपुढे कमी पडणारं पिल्लूच घेतात. कारण सरळ आहे: पहिलीच लढाई हरून सात वर्षांच्या मुलानं यंत्र भिंतीवर फेकू नये. पण तो सात वर्षांचा मुलगा आता तिशी ओलांडून गेलेला असतो, त्याच्या पदरी गृहकर्ज असतं, आणि कुणी आपलं भलं करतंय म्हटल्यावर तो आधी अटी आणि शर्ती शोधतो.

शिवाय त्यानं मधल्या काळात इतर गेम खेळलेले असतात. खरी गोम तिथे आहे.

१९९७च्या 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेत केट शी हे मांजर भेटतं. कापूस भरलेल्या ढोल्या बाहुल्यावर बसून, हातात भोंगा घेऊन भविष्य सांगतं, आणि न विचारता नायकाच्या टोळीत सामील होतं. ते शिनरा कंपनीचं हेर निघतं. मोलाची कीस्टोन चोरून शत्रूच्या हाती देतं. रंगेहाथ पकडल्यावर ते काय करतं? टोळीतल्या बॅरेटची लेक मार्लीन ओलीस आहे हे ऐकवतं आणि पुन्हा रांगेत येऊन उभं राहतं. आणि टोळी त्याच्यासह पुढच्या प्रवासाला निघते! २०००च्या 'बाल्डर्स गेट टू'मध्ये योशिमो हा उमदा चोर भेटतो तो थेट खलनायक आयरेनिकसच्या तळघरात. बाकीचे पिंजऱ्यात, हा मोकळा. तरी खेळाडू त्याला घेतात, कारण कुलपं उघडायला आणि सापळे शोधायला माणूस हवा. पुढे तो आयरेनिकसचा निघतो. मंत्रानं बांधलेला, नाइलाजानं केसानं गळा कापणारा. कामाचा माणूस मिळतोय म्हटल्यावर त्याची पार्श्वभूमी न तपासण्याची चूक काल्पनिक जगातही होते.

वैराचा अभ्यास सर्वांत गांभीर्यानं केला तो बायोवेअरच्या २०११च्या 'ड्रॅगन एज टू'नं. तिथे प्रत्येक साथीदाराशी नात्याची एक पट्टी असते. एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला चुरस. चुरस म्हणजे दुष्मनी नव्हे. पटत नाही, पण मानतो. इझाबेला ही चाचेगिरी करणारी बाई मोक्याच्या क्षणी कुनारी लोकांचा पवित्र ग्रंथ घेऊन पोबारा करते, आणि त्या ग्रंथापायीच शहर पेटलेलं असतं. ती परत येईल का? पट्टी कुठल्याही एका टोकाला पुरेशी झुकलेली असेल आणि तिची कामं पार पाडलेली असतील तर येते. म्हणजे जिवलग असलात तरी येते, कडाकडा भांडत असलात तरी येते. पट्टी मधोमध लटकत असेल, 'हं', 'बरं', 'बघू' इतकंच नातं असेल, तर मात्र ती कायमची गेली. लग्न जुळवणाऱ्या संस्थांनी या पट्टीची दखल घ्यायला हरकत नाही.

त्याच गेममधला अँडर्स मात्र पट्टीला भीक घालत नाही. तो वैद्य आहे, गरिबांवर फुकट उपचार करतो, आणि त्याच्या अंगात न्यायाची देवता शिरलेली आहे. एक दिवस तो नायक हॉककडे येतो: या देवतेपासून सुटका करून घेण्याचं औषध बनवायचं आहे, जरा सामान आणून दे. सामान काय? ड्रेकस्टोन, जो खाणीत मिळतो, आणि सेला पेत्राए, जो गटारात मिळतो. हॉक गटारात उतरतो. नंतर अँडर्स आणखी एक उपकार मागतो: शहराच्या मुख्य मंदिरातल्या धर्ममातेला चार घटका बोलण्यात गुंतव, माझं तिथे थोडं काम आहे, काय, ते विचारू नकोस. थोड्याच दिवसांत ते मंदिर धर्ममातेसकट आकाशात उडतं. खाणीतला गंधक आणि गटारातला सोरा एकत्र केल्यावर कुठल्या रोगावर औषध होतं, हे शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. पण खेळाडू किराण्याची यादी हातात आली की ती पुरी करण्याच्या आनंदात असतो. मदत नाकारली तरी मंदिर उडतंच. फक्त पिशवी खेळाडूच्या हातात नसते.

आणि मग गोरो अकेची. प्रतिस्पर्धी साथीदाराच्या मनातलं काळंबेरं शोधण्याच्या कलेतला हा कळसाध्याय. 'पर्सोना फाइव्ह' जपानात सप्टेंबर २०१६मध्ये आला. गेमची सुरुवातच अशी, की नायक कॅसिनोतून पळताना पकडला जातो आणि पोलीस त्याला ऐकवतात, तुमच्यातल्याच कुणी तरी तुला विकलं. म्हणजे फितूर आहे हे पहिल्या काही मिनिटांत ठरलं. तो कोण, हे कळायला पुढे दहा-वीस नव्हे, चांगले साठ-सत्तर तास. यानंतर टीव्हीवर एक गोरागोमटा शाळकरी गुप्तहेर अवतरतो. नीटस कोट, हातात ब्रीफकेस, हातमोजे, आणि साखर पेरलेलं बोलणं. जपानी खेळाडूला तर आडनावातच दोन्ही शक्यता मिळतात: एदोगावा रानपोच्या कथांतला गुप्तहेर अकेची कोगोरो, आणि १५८२मध्ये आपला धनी ओदा नोबुनागा याच्यावर होन्नोजी मंदिरात चालून गेलेला सरदार अकेची मित्सुहिदे. लेखकांनी पत्ता लिहून ठेवला होता. फक्त घंटी वाजवायची बाकी.

पण खरा पुरावा आहे पॅनकेकचा. नायकाची टोळी टीव्ही स्टुडिओ पाहायला जाते. सोबत पिशवीत मोर्गाना हे बोलकं मांजर. मोर्गानाचं बोलणं कुणाला कळतं? जे या गेममधल्या मनांच्या दुसऱ्या जगात एकदा तरी जाऊन आले आहेत, त्यांनाच. बाकीच्यांना नुसतं म्याव. आता कुठे जायचं, यावर गप्पा चालू असताना मोर्गाना एका घुमटाकार जागेला पॅनकेक म्हणतं. तेवढ्यात अकेची येतो आणि विचारतो, पॅनकेकच्या गोष्टी चालल्यात वाटतं? खेळाडू पुढे जातो. त्याच्या कानावर शब्द पडलेला असतो, डोक्यात शिरत नाही. पाच महिन्यांनी टोळी उलगडून सांगते: पॅनकेक हा शब्द माणसांपैकी कुणी उच्चारलाच नव्हता. म्हणजे हा गुप्तहेर त्या जगात ये-जा करत होता. मग टोळीतली फुताबा त्याचा फोन फोडून त्याचे बेत ऐकते, आणि कोठडीत येऊन तो ज्याच्या कपाळात गोळी घालतो, तो नायक नसून नायकाची मनोनिर्मित प्रतिकृती असते. अगाथा ख्रिस्तीच्या वाचकांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात अशी ही कारागिरी, आणि तिचा पाया म्हणजे नाश्ता.

२०१९च्या 'पर्सोना फाइव्ह रॉयल'मध्ये हीच चुरस आणखी फुलवली आहे. दोघं बिलियर्ड्स खेळतात. अकेची उजव्या हातानं खेळत असतो आणि मग कळतं की तो डावखुरा आहे, इतका वेळ हात राखून खेळत होता. पुढे तो नायकाला तोंडावर सांगतो की मला तुझा तिटकारा आहे, आणि हातमोजा फेकून द्वंद्वाचं आव्हान देतो. एवढ्या गोडगोड बोलण्यात त्याचं सर्वांत खरं वाक्य हेच. अनेक चाहत्यांचं त्याच्यावर प्रेम जडलं ते इथे. खून केलेत हे ठाऊक असूनही. बापानं नाकारलेलं पोर, त्या बापालाच धुळीला मिळवण्यासाठी त्याचा हस्तक झालेलं, असं कळल्यावर तर काही विचारूच नका. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला हे काही नवीन नाही. तिसऱ्या अंकात खलनायकाची आई आठवली की रुमाल निघतातच.

अकेचीनं पोळलेला खेळाडू नेमोनाचं ताक फुंकून पितो, ते असं. आणि ज्या वेळात तो तिच्यावर पाळत ठेवून असतो, त्या वेळात त्याच गेममध्ये काय काय चाललेलं असतं? पेनी नावाची भित्री, अबोल वर्गमैत्रीण हीच एका बंडखोर टोळक्याची गुप्त म्होरकी असते. संचालक क्लावेल तुर्रेबाज टोप लावून 'क्लाईव्ह' नावाचा विद्यार्थी बनून सोबत हिंडत असतात, आणि हे सोंग कुणीही पहिल्या नजरेत ओळखेल अशा दर्जाचं असतं. आणि फोनवर मायेनं सूचना देणारे प्राध्यापक केव्हाच वारलेले असतात; बोलत असतो त्यांनी बनवलेला यंत्रमानव. या सगळ्या मांदियाळीत जी मुलगी म्हणते की मला फक्त लढायचं आहे, तिला खरोखर फक्त लढायचं असतं. तुल्यबळ कुणी मिळेना म्हणून ती कंटाळली होती. म्हणून नवं पिल्लू घेऊन पहिल्यापासून सुरुवात करून खेळाडूची वाट पाहत राहिली. शेवटी शहराच्या चौकात ती सगळा जोर लावून लढते आणि हरल्यावर पुन्हा उड्या मारते. तपास बंद.

हॉपच्या गोष्टीतही संशय चुकीच्या घरी गेला. तिथला खरा उपद्व्यापी म्हणजे अध्यक्ष रोझ. भला माणूस, कारखानदार, पोकेमॉन लीगचा सर्वेसर्वा. हजार वर्षांनी देशात ऊर्जेची टंचाई येणार म्हणून तो एटर्नेटस नावाचा प्रलय जागा करतो. चॅम्पियन लिऑन म्हणतो, उद्याची स्पर्धा होऊ दे, मग बोलू. रोझला तेवढाही दम नाही. हजार वर्षांच्या प्रश्नाला एक दिवस थांबता येत नाही!

मग हे मुलगे-मुली लपवतात तरी काय? पुढच्या गेममध्ये त्यांचं काय झालं ते पाहिलं की उलगडा होतो. ओकांचा नातू व्हिरिडियन शहरात जिमप्रमुख, म्हणजे लढाईच्या आखाड्याचा मुख्य, झाला. मालिकेतला गॅरी अ‍ॅशकडून हरला आणि संशोधक झाला. २०१०च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मधला चष्मेवाला चेरन दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात जिम सांभाळून शाळेत शिकवतो. त्याच्यासोबतची बियान्का प्राध्यापकांची सहायक. हॉपही प्राध्यापक सोनिया बाईंच्या हाताखाली संशोधनाला लागला. एवढ्या आरोळ्या, एवढी आव्हानं, आणि निम्म्यांच्या डोळ्यांसमोर कायमची नोकरी! आईबापांना ऐकवायचं धाडस नसावं, म्हणून चॅम्पियन होणार असं सांगून घराबाहेर पडले असतील.

एक अपवाद आहे, आणि तो या सगळ्यावर उतारा आहे. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या 'द टील मास्क' या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'च्या पुरवणीत किताकामीचा किअरन भेटतो. लाजाळू, कपाळावर केस, गावातल्या बदनाम राक्षसावर जीव असलेला एकटाच मुलगा. तो राक्षस, म्हणजे ओगरपॉन, एक दिवस खेळाडूला आणि किअरनच्या बहिणीला, कारमाइनला, प्रत्यक्ष भेटतो. मग ती दोघं ठरवतात की हे किअरनला सांगायचं नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दारात येऊन गेला, आणि मित्रानं चेहऱ्यावर रेषही न हलवता खोटं सांगितलं. पोराला ते कळतं. लढून ओगरपॉन मिळवायचा म्हणतो, तर हरतो. ओगरपॉननं तर आधीच खेळाडूला पसंत केलेलं.

तीन महिन्यांनी 'द इंडिगो डिस्क' हा पुरवणीचा पुढचा भाग आला तेव्हा किअरन केस मागे बांधून, डोळे तांबारून ब्लूबेरी अकादमीचा चॅम्पियन झाला होता आणि तिथल्या लढाईच्या साऱ्या क्लबाला धाकात ठेवून होता. एवढी सूचक पार्श्वभूमी, असा बदललेला चेहरा! काळ्या हेतूच्या शोधात असलेल्या मंडळींना अखेर हवा तो प्रतिस्पर्धी मिळाला. खेळाडू त्याचं चॅम्पियनपदही घेतो. मग किअरन जमिनीखालच्या गुहेत मास्टर बॉल टाकून टेरापॅगोस नावाचा पोकेमॉन पकडतो, तो आवाक्याबाहेर जातो, खेळाडू त्याला शांत करतो आणि रीतसर आपल्याच बॉलमध्ये भरतो. किअरन पुन्हा नव्यानं मैत्री करायची का असं विचारतो. खेळाडूच्या खिशात तेव्हा ओगरपॉन असतो, टेरापॅगोस असतो, नवं अजिंक्यपद असतं, आणि 'हो' म्हणायला त्याला एकच बटण दाबायचं असतं.